कळण्याची भाकरी आणि मंडळीचं रजिस्टर

१४ एप्रिल २०२२ च्या रात्री धुळ्यात, देवपूरमधल्या एका गच्चीवर नऊ माणसांनी एक भाकरी वाटून खाल्ली. त्यावरून पुढचे नऊ महिने जे काही झालं ते इथे लिहून ठेवतोय. गच्ची माझी आणि त्या नवांतला मीही एक, त्यामुळे मला तटस्थ समजू नका. नावं दिलेली नाहीत. मंडळी कुठली, म्हणजे आमचं चर्च कुठलं, तेही सांगत नाही. गाव लहान आहे.

सुरुवात लॉकडाऊनपासून झाली. मार्च २०२० मध्ये चर्चला कुलूप लागलं आणि उपासना फोनवर आली. पाळकसाहेब घरातल्या देव्हाऱ्याएवढ्या कोपऱ्यात उभे राहून संदेश द्यायचे, मागे कुकरची शिट्टी व्हायची. अर्पण गुगल पेवर जायचं. चर्च पुन्हा उघडलं तेव्हा आमच्यातल्या काही जणांना बाकावर बसवेना. श्रद्धा गेली नव्हती. दोन वर्षं घरात बसून वचन, म्हणजे बायबल, वाचताना जे प्रश्न पडले होते, ते विचारायला रविवारच्या दीड तासात जागाच नव्हती. मग ठरलं, महिन्यातून दोन गुरुवार, संध्याकाळी साडेसात, चहा एकदाच आणि मोबाईल खाली घरात.

माणसं अशी. मी आणि माझी बायको. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे सर. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर, ज्यांची उमेदवारी चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात झालेली. नवापूर तालुक्यातलं मावची बोलणारं आदिवासी जोडपं, गुरुजी आणि ताई, दोघंही आश्रमशाळेत. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक काका. शेवटच्या वर्षाला असलेली एक पोरगी, तिला सगळे धाकटी म्हणायचे. आणि मुनीमभाऊ. आग्रा रोडवरच्या कापडाच्या दुकानात हिशोब लिहिणारे, मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जाणारे, घरात तीन पिढ्यांची माळ. त्यांनी योहानाचं शुभवर्तमान एका रुग्णाच्या उशाशी बसून वाचलं होतं आणि तेव्हापासून ते येशूला सोडायला तयार नव्हते. बाप्तिस्मा घ्यायलाही नव्हते.

विषय सरांनी आणला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिका, ब्रिटन, न्यूझीलंड इथे काही तरुण पाळक आणि विश्वासणारे असं म्हणू लागले की टीव्ही आणि इंटरनेटच्या जगात वाढलेल्या माणसाशी चर्च अजून छापखान्याच्या काळातल्या भाषेत बोलतंय. व्यासपीठावरून एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हे त्यांनी मोडलं. गोलात बसायचं, शंका मोठ्याने बोलायच्या, जेवण आणि उपासना वेगळी ठेवायची नाही. याला ‘इमर्जिंग चर्च’ हे नाव पडलं. २००१ साली अमेरिकेत ‘इमर्जंट व्हिलेज’ हे जाळं उभं राहिलं, त्यातले ब्रायन मॅकलॅरन सगळ्यात जास्त वाचले गेले. २००४ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने अधिकृत अहवाल काढून अशा ‘नव्या रूपांना’ घरात घेतलं. बेलफास्टमध्ये पीटर रोलिन्स आणि त्यांचे मित्र दारूच्या बारमध्ये जमायचे.

इथे सिस्टर हसायला लागल्या. ‘सर, नवापूरकडे अर्धी मंडळी दारू सुटली म्हणून आली. तुम्ही त्यांना बारमध्ये उपासनेला बोलावणार?’

एक अख्खा गुरुवार ‘इमर्जिंग’ला मराठीत काय म्हणावं यात गेला. ‘उदयोन्मुख’ म्हटलं की क्रिकेटपटू आठवतो. शेवटी ‘उगवती मंडळी’वर तडजोड झाली. काका म्हणाले, कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीवर उगवण किती टक्के ते छापलेलं असतं, इथे ते छापलंय का? सर म्हणाले, छापलेलं नाही, पण नासलेल्या बियाण्याच्या गोष्टी आहेत. शेफील्डची ‘नाइन ओ’क्लॉक सर्व्हिस’, प्रकाश आणि संगीताने भरलेली तरुणांची उपासना, १९९५ साली नेत्याने स्त्रियांचं शोषण केल्याचं उघड झाल्यावर कोसळली. सिॲटलचे मार्क ड्रिस्कॉल सुरुवातीला याच वर्तुळातले, नंतर वेगळे झाले. त्यांचं हजारोंचं चर्च २०१४ मध्ये त्यांच्या हुकूमशाही वागण्यापायी विसर्जित करावं लागलं. त्या रात्री आम्ही एकच नियम केला, इथे पुढारी नाही. चर्चा कोणी चालवायची ते चिठ्ठी काढून ठरेल.

नियम चांगला होता, पण भाकऱ्या कोण करणार याची चिठ्ठी आम्ही कधीच काढली नाही. चर्चा पुरुषांची आणि तवा बायकांचा, हे पाच महिने चाललं. पाचव्या महिन्यात धाकटीने ते सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं. मी तेव्हा हसून टाळलं.

आमच्या चर्चेला खरं वळण लागलं ते ताईंच्या एका वाक्याने. गोलात बसणं, शंका विचारणं, घरातच जेवण आणि प्रार्थना एकत्र, हे सर फार कौतुकाने सांगत होते. ताई म्हणाल्या, ‘आमच्याकडे हे रोजचंच आहे. त्याला आम्ही घरसभा म्हणतो. मांडवाखाली बसायचं, मावचीत गायचं, ज्याला बोलावंसं वाटेल त्याने साक्ष द्यायची. पाळक महिन्यातून एकदा येतो, कारण त्याची मोटारसायकल जुनी आहे.’ सर गप्प झाले. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले, पूर्वेला भुसावळ-चाळीसगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे. बाकं, वेदी, रजिस्टर शहरांत रुजलं. डोंगरात गेलेली मंडळी बिनबाकाचीच राहिली. म्हणजे जे अमेरिकेला नवं वाटत होतं ते धडगाव-नवापूरला गरिबीमुळे आधीच होतं.

मग बायकोने रेव्हरंड टिळक काढले. ‘उपासना संगीत’ या भजनसंग्रहातली त्यांची भजनं आम्ही सगळे लहानपणापासून गातो, पण माणूस कोणी नीट वाचला नव्हता. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगणारे. अभंग आणि कीर्तन मंडळीत आणणारे. इतपत आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते १९१७ चं. त्या वर्षी त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही येशूचे शिष्य म्हणून एकत्र बसवणारा. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. बायको वाचत होती आणि मुनीमभाऊ मान खाली घालून ऐकत होते. वाचून झाल्यावर एवढंच म्हणाले, ‘म्हणजे माझी जागा शंभर वर्षांपूर्वीच धरलेली होती.’

सरांनी अजून एक नाव जोडलं, लेस्ली न्यूबिगिन. १९३६ मध्ये मद्रासला आलेले मिशनरी, पुढे दक्षिण भारताच्या मंडळीचे (चर्च ऑफ साउथ इंडिया) बिशप. १९७४ साली मायदेशी परतले आणि म्हणू लागले की आता इंग्लंड हेच मिशनचं क्षेत्र झालंय. उगवत्या मंडळीवाल्यांनी त्यांच्याकडून पुष्कळ घेतलं. आम्ही आपले इंग्रजी पुस्तकांना वळसा घालून तामिळनाडू आणि साताऱ्याला येऊन पोहोचलो होतो.

आता तो गुरुवार.

२०२२ साली पवित्र आठवड्यातला गुरुवार, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाचा दिवस, आणि बाबासाहेबांची जयंती एकाच दिवशी आली. संध्याकाळी पांझरा नदीच्या पलीकडून डीजेचा आवाज येत होता, भीमगीतं, मधूनच फटाके. दिवसभर बेचाळीसच्या आसपास होतं, म्हणून सहा वाजता गच्चीवर दोन बादल्या पाणी मारलेलं, तरी सतरंजीखालून वाफ येत होती. काका उशिरा आले. कपाळावर निळ होती.

त्या निळीची गोष्ट सांगायला हवी. काकांच्या आजोबांनी मिशनऱ्याकडून बाप्तिस्मा घेतला, आजोबांच्या भावाने नाही. भावाची पोरं १९५६ नंतर बौद्ध झाली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या. १९५६ मध्ये शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. चुलत घरातला नातू दाखल्यावर नोकरीला लागला, काकांचा मुलगा गॅरेजवर आहे. तरी दर चौदा एप्रिलला काका चुलत भावाच्या घरी जाऊन फोटोला हार घालतात. ‘जेवण एकाच पातेल्यातलं आहे,’ असं म्हणतात.

भाकरी कळण्याची होती. ज्वारी आणि अख्खे उडीद थोडं मीठ घालून एकत्र दळायचे, त्याचं पीठ म्हणजे कळणा. तव्यावरून काढल्यावर ही भाकरी मऊ असते, तासाभराने कडा कडक होतात आणि मोडताना खाली चुरा पडतो. चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे त्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून बाप्तिस्मा झालेल्यांनी घ्यायच्या विधीला, पाव कापून चौकोनी तुकडे ताटलीत येतात, त्याचा चुरा होत नाही. रस मात्र आम्ही चर्चसारखाच केला होता. काळ्या मनुका भिजवून उकळलेला, स्टीलच्या तांब्यात. काकांनी नियम मोडून मोबाईल वर आणला होता, कारण अहिराणी नवा करार त्यातच होता. त्यांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय वाचला. पत्र लिहिणारा पौल तिथे रागावलाय की तुम्ही प्रभूचं भोजन म्हणून जमता, पण श्रीमंत आधी जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतो. अहिराणीत ते वाचल्यावर चावडीवरचं भांडण वाटत होतं. कोणी हसलं नाही.

पुढारी नाही या नियमाप्रमाणे ठरलं होतं की प्रत्येकाने मोडून शेजारच्याला द्यायचं. सिस्टरनी मला दिली. माझ्या डावीकडे मुनीमभाऊ. इतक्या महिन्यांच्या चर्चेत या क्षणाचा विचार आम्ही केलाच नव्हता. टिळक वाचले, दरबार वाचला, आणि तुकडा हातात आल्यावर माझा हात थांबला.

‘मी घेऊ का, दादा?’ त्यांनी विचारलं.

मी काही बोललो नाही. चार सेकंद असतील, पण ते फार लांबले. पलीकडून काका म्हणाले, ‘दी दे ना भो.’ मी दिली. मुनीमभाऊंनी तुकडा कपाळाला लावला, खाल्ला, आणि मांडीवर पडलेला चुरा बोटाने टिपून तोही खाल्ला. मग म्हणाले, ‘पंढरपुरात काला असाच असतो. कोण कोणाच्या तोंडात घालतंय ते बघायचं नसतं.’ आणि ताईंना देण्यासाठी भाकरी मोडली.

धाकटीने फोटो काढला होता. गोलात मधोमध भाकरी आणि तांब्या, भोवती हात. कोणाचा चेहरा नव्हता, पण मुनीमभाऊंची तुळशीची माळ स्पष्ट दिसत होती. फोटो स्टेटसला गेला, वर लिहिलं होतं, ‘खरं प्रभुभोजन’. त्यातल्या ‘खरं’ या शब्दाने जेवढं नुकसान केलं तेवढं भाकरीने केलं नाही, असं माझं आजही मत आहे.

सोमवारी पाळकसाहेबांचा फोन आला. हा माणूस वाईट नाही, हे आधी सांगतो. लॉकडाऊनमध्ये स्कूटरवरून औषधं पोचवणारा हाच. आवाज चढवला नाही.

‘दादा, शास्त्रावर आपण नंतर वाद घालू. उद्या कोणी तक्रार दिली की घरात बसवून हिंदू माणसाला प्रभुभोजन दिलं, धर्मांतर चाललंय, तर पोलीस तुमच्या गच्चीवर येणार नाहीत. माझ्या दारात येतील.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा, या मागणीचे मोर्चे देशात निघतायत. गुरुजी आणि ताई सरकारी अनुदानावरच्या शाळेत. त्या फोटोत त्यांचेही हात होते.

मे महिन्यात मंडळीच्या पंचांचं पत्र आलं. परवानगीविना विधी, बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीस वाटप, आणि तिसरं कलम आमच्यापैकी चौघांची वर्गणी थकल्याचं. हा प्रकार थांबवावा, अन्यथा नावं रजिस्टरमधून कमी करण्यात येतील.

नाव कमी होणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळणार नाही. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये किंवा बेलफास्टमध्ये चर्च सोडलं तर माणूस एका रविवारच्या बांधिलकीतून सुटतो. त्याला पुरायला पालिकेची जागा असते, पैसे घेऊन सगळं करणारे अंत्यविधीवाले असतात. आमच्याकडे रजिस्टर म्हणजे लग्नाची शिफारस, शाळेत लागणारं पत्र आणि शेवटी दफनभूमीतली सहा फूट जमीन. सरांनी आणलेल्या लिखाणात शंकेवर पानंच्या पानं होती, दफनभूमीवर एक ओळ नव्हती. हा त्या लेखकांचा दोष नाही, त्यांना तो प्रश्नच पडला नव्हता. आमचा दोष एवढाच की त्यांचं उत्तर उचलताना आमचा प्रश्न वेगळा आहे हे आम्ही पाहिलं नाही.

सिस्टरच्या लेकीचं लग्न नोव्हेंबरमध्ये ठरलेलं. कायद्याने वाट होती. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात मॅरेज रजिस्ट्रारकडेही लग्न लागतं, १९५४ चा विशेष विवाह कायदा आहेच. पण मुलाकडच्यांना वेदी हवी होती. सिस्टर दोन गुरुवार आल्या नाहीत. आणि काका एका दुपारी आले, जिन्यातच उभे राहिले, वर आलेच नाहीत.

‘मन्ही बायको तठे शे. माले बी तठेच जावानं शे.’

काकू २०१८ मध्ये गेल्या होत्या. शेजारची जागा काकांनी तेव्हाच सांगून ठेवली होती. मी अडवलं नाही. उलट त्यांच्याजागी मी असतो तर पत्र येण्याआधीच गेलो असतो.

उरलेल्यांत तीन गुरुवार नुसती भांडणं झाली. धाकटीचं म्हणणं सरळ होतं. तुम्हाला टिळक भिंतीवर टांगायला हवे आहेत, त्यांनी नोकरी सोडली, तुम्हाला रजिस्टर सोडवत नाही. सर तिच्या बाजूचे, पण ते कोकणातले, त्यांची माणसं सगळी तिकडे पुरलेली. गुरुजी एकदाच बोलले, की ज्याला नोकरी, जात आणि जमीन यांतलं काहीच गमवायचं नाही त्याने दुसऱ्याच्या धैर्याचं माप काढू नये. मला ते पटलं. आणि एक गोष्ट कोणी बोलत नव्हतं ती बायको बोलली. आपण सगळ्यांना गच्चीवर बोलावलं, पाळकसाहेबांना कधी बोलावलं का?

ऑगस्टमध्ये बोलावलं. पाऊस होता म्हणून गच्ची सोडून खालच्या खोलीत बसलो. साहेब भाकरी आणि वांग्याचं भरीत पोटभर जेवले. मुनीमभाऊंना त्यांनी काल्याबद्दल बारीकसारीक विचारलं, दहीलाह्या कोण कालवतं इथपर्यंत. मग त्यांनी सुचवलं की याला प्रभुभोजन म्हणू नका, प्रीतिभोजन म्हणा. बायबलमधल्या यहूदाच्या पत्रात तो शब्द आहे, पहिल्या मंडळ्या असं जेवत होत्या. तिथे कोणीही बसू शकतं.

‘नाव बदललं की पोलीस येणार नाहीत का?’ धाकटीने विचारलं.

साहेब म्हणाले, ‘येतील. पण मी त्यांना काय सांगायचं ते मला कळेल.’

आम्ही मान्य केलं. शास्त्राच्या बाजूनेही ते मांडता येतं, सरांनी मांडलंही. पण आम्ही मान्य केलं ते भीतीने, आणि इथे खोटं लिहून उपयोग नाही. थकलेली वर्गणी भरली, पत्र मागे घेतलं गेलं. काकांची तेवढी राहिली, कारण ते कोणाला सांगायचे नाहीत आणि कोणाकडून घ्यायचेही नाहीत. सिस्टरच्या लेकीचं लग्न वेदीसमोर लागलं. धाकटी डिसेंबरमध्ये नोकरीला पुण्याला गेली. ती आता कुठल्याच मंडळीत जात नाही, पण नाताळला फोन करते. मोबाईल खाली ठेवायचा नियम आम्ही आता खरंच पाळतो. भाकरीच्या चिठ्ठ्याही निघतात. माझी भाकरी तव्यावर फाटते.

जानेवारी २०२३ मध्ये काका गेले. पहाटे, झोपेत. सकाळी दहाला मी, सर आणि मुनीमभाऊ चर्चच्या ऑफिसात जागेचं विचारायला गेलो. कारकुनाने रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाला, चौदा महिन्यांची वर्गणी बाकी आहे, ती भरल्याशिवाय पावती फाडता येत नाही, पावतीशिवाय खड्डा नाही. साहेब एका प्रार्थनेला शिरपूरला गेले होते, फोन लागत नव्हता. माझं पाकीट घरी राहिलं होतं. सर एटीएम शोधायला बाहेर पडले.

मुनीमभाऊंनी बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, थुंकी न लावता मोजल्या आणि टेबलावर ठेवल्या. कारकुनाने पावतीपुस्तक ओढलं. ‘श्री.’पुढे काकांचं नाव लिहिलं, रक्कम अंकी, रक्कम अक्षरी. मग खालच्या ‘हस्ते’वर पेन थांबलं.

‘तुमचं नाव? सभासद नंबर?’

भाऊंनी नाव सांगितलं. नंबर नाही म्हणाले. कारकुनाने त्यांच्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नंबरच्या जागी आडवी रेघ मारून पावती फाडली. दुपारी तीनला काकूंच्या शेजारी खड्डा तयार होता. टिळकांचं भजन सुरू झालं तेव्हा भाऊंनी पिशवीतून टाळ काढले.